घाटाला पेव्हर ब्लॉक बसवले म्हणजे संवर्धन झालं का?

मागच्या मे महिन्यात गावी गेलो होतो, सातारा जिल्ह्यातच, कृष्णेकाठी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की विषय त्या गावाच्या राजकारणाचा होतो आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. तर संध्याकाळी पुतण्याला घेऊन घाटावर बसायला म्हणून निघालो आणि बघतो तर घाटावर मिक्सर चालू. खडीचा ढीग, सिमेंटच्या पोत्यांची थप्पी, दोन पोरं थापी घेऊन अडीचशे वर्षांच्या पायऱ्यांच्या सांध्यात माल भरतायत आणि वरच्या टप्प्यावरच्या जुन्या फरश्या उचकटून तिथं लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसवूनसुद्धा झालेत. मुकादम ओळखीचा निघाला, शेजारच्या गावचा. त्याला म्हटलं, अरे दादा, हे चुन्यातलं बांधकाम आहे, त्यात सिमेंट कशाला भरताय? तो शांतपणे म्हणाला, "आवं इस्टिमेटात चुना न्हाईच की. शिमिट हाय, शिमिट भरतोय. आन् चुना मळणारा गडी कुठनं आणू?"

राग आला होता, पण त्याच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. त्याचं बोलणं शंभर टक्के खरं होतं. चूक थापीवाल्या पोरांची नाही, ती इस्टिमेटची आहे, आणि इस्टिमेटच्या मागं जी समजूत आहे तिची. ती समजूत अशी की घाट, देऊळ, समाधी म्हणजे 'स्थळ', त्याचं करायचं सुशोभीकरण, आणि नदी म्हणजे त्याच्या मागचा सीन. मला वाटतं कृष्णाकाठचा वारसा आपल्या हातून जातोय तो दुर्लक्षामुळं जेवढा, तेवढाच किंवा जास्तच या समजुतीनं येणाऱ्या निधीमुळं. हे ऐकायला विचित्र वाटेल, कारण आपली कायमची तक्रार निधी नाही हीच असते. पण दुर्लक्ष झालेला घाट शंभर वर्षं नुसता पडून राहतो, फार तर पिंपळ उगवतो. निधी आलेला घाट तीन महिन्यांत ओळखू येत नाही.

आता हे घाट-देवळं मुळात कशी बांधलीत ते बघा. वाईपासूनच सुरू करू, कारण वाईला सगळेच जाऊन आलेत. ढोल्या गणपती बहुतेकांनी समोरून बघितलेला असतो, दर्शन घ्यायचं, तो एवढा मोठा दगडी गणपती बघून तोंडात बोट घालायचं, बाहेर येऊन घाटावर फोटो. पुढच्या वेळी गेलात तर देवळाला वळसा घालून मागं जा. मागची भिंत सरळ नाहीये, ती माशासारखी निमुळती होत गेलीय, होडीचं टोक असतं तशी. पुराचं पाणी आलं की ते त्या टोकावर फाकतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं, गाभाऱ्यावर थेट धडक बसत नाही. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ बांधलं. देऊळ नदीच्या इतकं अंगावर बांधायचं तर पूर येणार हे त्या गवंड्यांनी गृहीतच धरलं होतं, आणि त्यांनी पुराला वाट करून दिली. भिंत उंच करून पूर अडवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. अडीचशेवर पावसाळे झाले, कित्येकदा पाण्यानं वेढा घातला, देऊळ जागेवर आहे.

घाटाचंही तसंच. पायऱ्या म्हणजे नुसतं नदीत उतरायचा जिना नाही. पाणी कितीही असो, कुठल्या तरी पायरीवर ते हाताला लागतं, उन्हाळ्यात खालच्या, श्रावणात वरच्या. आमच्या आजीच्या वेळच्या बायका पुराचा अंदाज पायऱ्यांवरूनच सांगायच्या, अमक्या देवळीला पाणी लागलं म्हणजे आता खालच्या आळीनं भांडीकुंडी माळ्यावर टाकायला घ्यायची. नाशिकला गोदावरीत दुतोंड्या मारुती हेच काम करतो, त्याच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, यावरून अख्खं शहर पूर मोजतं, आजच्या न्यूज चॅनेलवालेसुद्धा. आणि सांगलीला आयर्विन पूल. १९२९ साली बांधलेल्या त्या पुलाजवळची फुटपट्टी म्हणजे सांगलीकरांचा पावसाळ्यातला पंचांगच, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. म्हणजे ही सगळी 'हेरिटेज' म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो ती बांधकामं नदीशी बोलायची साधनं होती. नदी काढून घेतली तर दुतोंड्या मारुती ही नुसती एक मोठी मूर्ती उरते.

याचं सगळ्यात भारी उदाहरण मला विचाराल तर नृसिंहवाडी. तिथं कृष्णा आणि पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका, आणि ते मंदिर इतकं खाली की दर पावसाळ्यात पाणी आत येणारच. आपल्या आजच्या डोक्यानं विचार केला तर काय करू? मंदिर उचलून वर नेऊ, नाहीतर भोवती काँक्रीटची भिंत बांधू. वाडीकरांनी काय केलं, तर त्या पुराचाच सोहळा केला. पाणी वाढत वाढत गाभाऱ्यात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लोक रात्री-अपरात्री गाड्या काढून येतात, कोल्हापूर-सांगलीत फोनाफोनी होते, "झाला का दक्षिणद्वार?" पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात, पुजाऱ्यांच्या नित्याच्या पूजा वरती चालू राहतात, पाणी उतरलं की गाळ धुऊन परत खाली. पूर म्हणजे आपत्ती हे खरंच आहे, पण तो पाहुणाही असू शकतो ही कल्पना ज्या समाजानं बसवली तो समाज काही अडाणी नव्हता. आता मला सांगा, हा वारसा कुठल्या खात्याच्या यादीत येतो? दगड येतील यादीत. दारातून जाणारं पाणी कुठल्या यादीत लिहिणार?

आणि इथंच खरी गोम आहे. आपल्याकडं देऊळ एका फाइलीत आहे आणि नदी दुसऱ्या फाइलीत. केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, २०१० साली त्यात दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असा नियम पक्का झाला. राज्याचा १९६० चा वेगळा कायदा आहे. म्हणजे देवळाच्या मध्यावर कंपास ठेवून वर्तुळ काढल्यासारखं. तिकडं जलसंपदावाले निळी पूररेषा नि लाल पूररेषा आखतात, पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर कुठवर, शंभर वर्षांतून एकदा येणारा कुठवर. सांडपाणी नगरपालिकेचं. धरणातून पाणी कधी किती सोडायचं ते पुन्हा जलसंपदा. आणि पर्यटनाचा निधी राज्याकडून नाहीतर जिल्हा नियोजनातून, 'ब वर्ग' 'क वर्ग' तीर्थक्षेत्र असा दर्जा मिळाला की येणारा. हे पाच-सहा लोक एका टेबलावर बसलेत असं मी तरी कधी ऐकलं नाही. मग होतं काय, ज्याच्याकडं पैसा आला तो आपल्या फाइलीतलं काम करून मोकळा होतो, आणि मार्चएंडच्या आत उरकायचं म्हटल्यावर पेव्हर ब्लॉकइतकं सोयीचं दुसरं काही नाही. मोजायला सोपं, बिल काढायला सोपं, उद्घाटनाच्या फोटोत रंगीत दिसतं.

सिमेंटचं एवढं काय घेऊन बसलाय असं कुणी म्हणेल. तर चुन्याचं बांधकाम श्वास घेतं, दगडाच्या मागं मुरलेलं पाणी सांध्यातून बाहेर येऊन वाळून जातं, आणि पायरी थोडी हलली-खचली तरी चुना तेवढं सांभाळून घेतो. सिमेंट कडक, ते पाणी बाहेर सोडत नाही. मग ते पाणी आत कोंडतं, क्षार धरतात, सांध्याच्या कडेचे टवके उडतात, आणि पाच-सात पावसाळ्यांत सिमेंटचा तुकडा निघतो तो जुना दगड कोरून घेऊनच निघतो. घाटावर तर एका बाजूनं नदी आणि दुसऱ्या बाजूनं गावाच्या जमिनीतलं पाणी, म्हणजे दोन्हीकडून मार. पेव्हर ब्लॉकची कथा याहून सोपी, ते वाळूवर बसवलेले असतात, पुराचं पाणी पहिल्यांदा ती वाळू नेतं आणि मग ब्लॉक दात पडल्यासारखे एकेक निघतात. स्टीलच्या रेलिंगला पुरात वाहून आलेल्या फांद्या, प्लॅस्टिक, उसाची पाचट, जुन्या साड्या असं सगळं अडकतं, त्याचा बांध होतो, आणि तो पाण्याचा जोर घाटावरच वळवतो. जमिनीत पुरलेले एलईडी पहिल्याच पुरात जातात, त्यांच्या वायरीसाठी मारलेल्या चरा मात्र कायमच्या राहतात.

म्हणून माझी एक साधी परीक्षा आहे. घाटावरच्या कुठल्याही प्रस्तावित कामाला एकच प्रश्न विचारायचा, हे आठ दिवस पाण्याखाली राहिलं तर काय होईल? उत्तर 'काही नाही, गाळ धुऊन टाकू' असं असेल तर करा. उत्तर 'परत टेंडर काढावं लागेल' असं असेल तर ते काम घाटावरचं नाही, ते वर रस्त्याकडेच्या बागेत करा, तिथं कारंजंसुद्धा लावा, माझं काही म्हणणं नाही.

आता याच्या विरुद्ध बाजूनं जे बोललं जातं ते मी रोज ऐकतो आणि त्यात दम आहे, तो नाकारून चालणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ चा पूर बघितलेली माणसं म्हणत होती एवढं नाही येणार, आणि त्याच्याही वर गेलं. ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली, बायका-पोरं गेली. अशा माणसाला जाऊन तुम्ही सांगणार का, की पूर हा पाहुणा आहे, जुन्या लोकांचं शहाणपण बघा? त्याला भिंत हवी असेल तर ती मागायचा त्याला अधिकार आहे. मला एवढंच म्हणायचंय की पूरसंरक्षक भिंत कुठं हवी आणि कुठं नको हे नदीच्या हिशेबानं ठरू दे, सुशोभीकरणाच्या बजेटमध्ये भिंत घुसवू नका. आणि हेही बोलूया की ढोल्या गणपतीच्या मागच्या भिंतीनं पुराला जी जागा सोडली होती ती जागा आपण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत भराव टाकून, प्लॉट पाडून, मंगल कार्यालयं बांधून खाल्ली. निळ्या रेषेच्या आतले प्लॉट कुणी विकले, कुणी घेतले, ते आपल्याच गावातल्या लोकांना तोंडपाठ आहे. मग पूर घरात आला की नदीला शिव्या.

दुसरा आक्षेप धरणाचा, आणि इथं माझीच थोडी अडचण होते. धोमचं धरण झालं, साडेतेरा टीएमसीचं, म्हणजे साडेतेरा अब्ज घनफूट पाण्याचं, वाईच्या वरच्या अंगाला. तेव्हापासून वाईच्या घाटाखाली नदी कशी दिसणार ते बऱ्याच अंशी गेट ठरवतं. पावसाळ्यात विसर्ग सोडला की दोन तटांनी, नाहीतर उन्हाळ्यात जागोजागी डबकी, त्यात नाल्याचं पाणी, त्यावर जलपर्णी. म्हणजे ज्या नदीसाठी घाट बांधले ती नदीच वर्षातले कित्येक महिने घाटाला भेटत नाही. पण मी हे कुठल्या तोंडानं बोलू, आमचं घर कॅनॉलच्या पाण्यावरच उभं राहिलं, माझी फी त्या उसातनं भरली गेली. धरण नको होतं असं म्हणणारा मी नाही. फक्त आवर्तनाचं, म्हणजे धरणातून पाळीपाळीनं पाणी सोडायचं, वेळापत्रक करताना शेती, पिण्याचं पाणी, एमआयडीसी एवढंच बघतात, त्यात नदीला स्वतःसाठी थोडं वाहतं पाणी हवं हा रकाना कुणी घालतच नाही. कृष्णाबाईच्या उत्सवाला पाणी सोडा अशी मागणी करणारे लोक मला म्हणून भाबडे वाटत नाहीत. ते त्यांच्या भाषेत तेच मागतायत, ज्याला सेमिनारमध्ये पर्यावरणीय प्रवाह म्हणतात.

कृष्णाबाईच्या उत्सवाबद्दल थोडं सांगायलाच हवं, बाहेरच्या लोकांना वाई म्हणजे गणपती आणि शूटिंग एवढंच माहीत असतं. वाईला सात घाट आणि त्यांच्या सात आळ्या, भीमकुंड आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी. माघापासून चैत्रापर्यंत एकेका घाटाचा उत्सव पाळीपाळीनं होतो, घाटावर मांडव, त्यात कृष्णाबाई, कीर्तन, हळदीकुंकू, महाप्रसाद. अफझलखानाचं संकट टळू दे म्हणून नदीला नवस केला तिथून हे सुरू झालं असं गावात सांगतात. आता यातला इतिहास किती, आख्यायिका किती, ते इतिहासकारांनी बघावं. पण मला यात दिसते ती व्यवस्था. सात आळ्या, प्रत्येक आळीचा घाट ठरलेला, आणि वर्षातून एकदा का होईना मांडव घालायचा म्हणजे आधी घाट धुवायचा, पायरी निसटली असेल तर बसवून घ्यायची, झाड उगवलं असेल तर काढायचं. हा मेंटेनन्सच होता, टेंडर न काढता केलेला. ज्या दिवशी घाट आळीचा राहिला नाही आणि 'प्रकल्पाचा' झाला त्या दिवशी झाडू कुणी मारायचा हा प्रश्न सुरू झाला.

वाईपासून थोडं वर गेलं की मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा आणि चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. तिथं छोट्याशा घुमटीत एक घंटा टांगलीय. जवळ जाऊन बघा, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाच्या पोर्तुगीज चर्चच्या घंटांपैकी ही एक. ती कोकणातून घाट चढून कृष्णेच्या काठावर शंकराच्या शेजारी आली, आणि आज दुपारी तिच्या सावलीत गुराखी पोरं बसलेली असतात. मला ती घंटा बघितली की वाटतं, याला माहितीचा बोर्ड पाहिजे खरा, पण बोर्डाआधी घंटेच्या खालची नदी पाहिजे. नाहीतर बोर्ड वाचून लोक मागं वळणार आणि समोर काय, तर डबकं.

धोमला नंदी आहे तोसुद्धा बघण्यासारखा, कासवाच्या पाठीवर बसलेला आणि कासव दगडी कुंडात. कुंड पाण्यानं भरलं की कासव पाण्यावर तरंगतंय आणि त्याच्यावर नंदी बसलाय असं दिसतं. कुंड कोरडं असलं की नुसता कोरीव दगड, तोही सुंदरच, पण ज्यानं घडवला त्याच्या मनातलं चित्र ते नव्हे.

साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर आता इन्स्टामुळं बरीच फेमस झालीय, त्यामुळं तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. माहुलीबद्दल मात्र लिहितो, कारण तिथं गेल्यावर माझं डोकं दरवेळी फिरतं. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, अलीकडं संगम माहुली, पलीकडं क्षेत्र माहुली. रामशास्त्री प्रभुणे इथले. थोरल्या शाहू महाराजांची समाधी इथं, ज्यांच्या कारकिर्दीत मराठ्यांचं राज्य पार उत्तरेत गेलं, आणि त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचंसुद्धा स्मारक आहे. महाराणी ताराबाई, ज्यांनी औरंगजेबाला सात वर्षं झुंजवलं, १७६१ साली गेल्या, त्यांची समाधी इथंच नदीच्या पात्रात, दर पुराला गाळ-वाळूत जाणारी. आपण चौकाचौकांत घोड्यावरचे पुतळे उभे करतो, त्यावर भांडतो, उंची मोजतो, आणि जिथं ती माणसं खरोखर मातीत मिळाली ती जागा वाळूखाली आहे, त्याचं कुणाला काही नाही. बरं, उद्या जाग आली तर काय करतील याचीच मला जास्त भीती वाटते. संगमरवरी चबुतरा, छत्री, चारी बाजूंनी कुंपण, फोकस लाइट. पात्रातल्या समाधीला पात्रातच कसं राहू द्यायचं, गाळ दरवर्षी हातानं कसा काढायचा, दगड कसे परत बसवायचे, हे शिकलेली माणसं आपल्याकडं आहेत, थोडी आहेत, पण त्यांना विचारणार कोण.

खाली कराडला प्रीतिसंगम. कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात आणि वळून एकत्र जातात, असं क्वचित दिसतं. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथंच. लोक भेळ खायला जातात, जाऊ देत, नदीकाठी भेळ खाणं हीसुद्धा परंपराच आहे. पण कराड किती जुनं आहे याचा अंदाज फार कमी लोकांना असतो. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरलीत, त्यात करहाकट गावचे लोक आहेत, म्हणजे हेच आपलं कराड, दोन हजार वर्षांपूर्वीचं. आगाशिवच्या डोंगरातली लेणी त्याच काळाच्या आसपासची. इतक्या लांब दान पाठवणारं गाव श्रीमंत असणार, आणि ते तिथं का वसलं तर दोन नद्या. हे एका ओळीत सांगता येतं, पण आपल्या पर्यटनाच्या नकाशावर लेणी वेगळी, संगम वेगळा, समाधी वेगळी, प्रत्येकाला वेगळा पार्किंग चार्ज.

आणि शेवटाला खिद्रापूर, महाराष्ट्राच्या टोकाला, पलीकडं कर्नाटक. कोपेश्वराचं देऊळ, शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. त्याचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा आणि वर छताला मधोमध गोल उघडं, आकाश दिसतं. गंमत म्हणजे शंकराच्या देवळात समोर नंदी नाही, लोक सांगतात नंदी नदीपलीकडं यडूरला आहे. ही दंतकथा मला फार आवडते, कारण तिच्यात देऊळ इथं, नंदी तिथं आणि मधून कृष्णा, म्हणजे नदी देवळाच्या आतच आली की. इथं कंपास कुठं ठेवणार आणि वर्तुळ कुठल्या राज्यात काढणार?

म्हणून मला वाटतं की महाबळेश्वरला गोमुखातून पडणाऱ्या पाण्यापासून खिद्रापूरपर्यंत कृष्णेचा महाराष्ट्रातला काठ हा एकच वारसा म्हणून धरायला पाहिजे, एकच फाइल. प्राधिकरण वगैरे काढा असं म्हणत नाही, आणखी एक प्राधिकरण म्हणजे आणखी एक एसी केबिन. पण घाटाच्या कामाला मंजुरी देताना जलसंपदाचा माणूस, पुरातत्त्वचा माणूस, नगरपालिकेचा ड्रेनेजवाला आणि त्या आळीतली दोन म्हातारी माणसं एकदा तरी घाटावर उभी राहिली पाहिजेत, ऑफिसात नाही, घाटावर. निधीतला पहिला रुपया नाल्याला, कारण घाटाच्या पायथ्याशी गटाराचं पाणी येत असेल तर वर काहीही लावा, लोक नाकाला रुमाल लावूनच येणार. दुसरा रुपया चुन्याला आणि तो मळणाऱ्या हाताला. आमच्या मुकादमाचा प्रश्न खराच होता, चुना मळणारा गडी कुठनं आणू. दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांच्या दरांच्या यादीत, चुन्याचं काम योग्य दरानं आलं तर गडी तयार होतील, वडाराची नि पाथरवटाची पोरं आज टाइल्स बसवायला पुण्यात येतात, ती दगडाकडं परत येतील, हात अजून गेलेला नाही त्यांचा. आणि रेलिंग-लाइट-पेव्हरला पैसा उरलाच तर बघू.

पुण्यात राहून गावाला शहाणपण शिकवतो असं कुणी म्हणेल, तर पुण्याचं तर त्याहून अवघड आहे. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचा सुधार प्रकल्प चाललाय, त्यावर दोन्ही बाजूंनी इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. ओंकारेश्वराच्या मागं उभं राहून नदीकडं बघा, एवढंच सांगतो, आणि वास सहन होईल तेवढाच वेळ उभे राहा.

तर त्या संध्याकाळी मुकादमाला विचारलं, उचकटलेल्या फरश्या कुठं टाकल्या? त्यानं हात करून खाली दाखवलं, पात्राच्या कडेला ढीग होता. पुतण्या आणि मी खाली उतरलो, दोन-चार उलट्या करून बघितल्या. एकीवर तीन चौकोन एकात एक कोरलेले, मधून रेघा. नवकंकरी. जुन्या घाटांवर असे खेळाचे पट कोरलेले सापडतात, अंघोळीला, धुण्याला, वाट बघत बसलेली माणसं खेळत असणार. पोराला नियम समजावून सांगितला, नऊ कंकर तुझे, नऊ माझे, तीन एका ओळीत आले की समोरच्याची एक उचलायची. नदीतनंच खडे वेचले, काळे त्याचे, तांबूस माझे. मिक्सर वर चालूच होता. अंधार पडेस्तोवर तीन डाव झाले, त्यातले दोन त्यानं मारले, आणि मग मुकादमाचीच दोन पोरं हाताशी घेऊन ती फरशी गुरवाच्या अंगणात नेऊन ठेवली. अजून तिथंच आहे, तुळशीच्या शेजारी, वर कपडे वाळत असतात.